बिननंबरी कॅमशाफ्टची ओळख

जालन्याच्या एमआयडीसीतल्या भट्ट्यांत भंगार वितळतं आणि त्याच्या सळया होतात. जुन्या इंजिनाचा कॅमशाफ्ट अशा ढिगात जाण्याआधी एकदा मोजून बघावा, असं मला कळकळीनं वाटतं. त्याच्यावरचा नंबर पुसला गेला तरी ओळख अंगावर शिल्लक असते.

फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्यानं दुसरा भाग उचलायचा, ही युक्ती मोटारीपेक्षा कितीतरी जुनी. अल-जझरीच्या १२०६ च्या यंत्रग्रंथात ती आहे. इंजिनात तिच्याकडे व्हॉल्व्ह उघडण्याचं काम आलं. प्यूजोनं दोन कॅमशाफ्ट थेट सिलिंडरच्या डोक्यावर चढवले, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह दिले आणि १९१२ ची फ्रेंच ग्रां प्री जिंकली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियरच्या फियाट ११०० मध्ये मात्र कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्येच राहिला. पुशरॉड आणि रॉकर व्हॉल्व्हपर्यंत त्याचा निरोप नेत. ह्याच फियाट तयार करून शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीला उतरत. त्याच सोलापुरात १९९२ पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना आहे, जगभरच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवणारा.

वेगासाठी व्हॉल्व्ह जास्त उचलला जावा आणि जास्त वेळ उघडा राहावा लागतो. नवा कॅमशाफ्ट परवडत नसेल तर जुनाच ग्राइंडिंगला देतात. लोबचं, म्हणजे उंचवट्याचं, टोक राखून मागचा गोल भाग घासतात. समजा लोबची पूर्ण उंची ३८ मिलिमीटर आणि मागच्या गोलाचा व्यास ३० असेल, तर लिफ्ट, म्हणजे उचल, ८. तोच गोल २९ वर आणला की पूर्ण उंची ३७.५ होते आणि लिफ्ट ८.५. म्हणून मायक्रोमीटर आधी ह्या गोलावर लावावा. तो कंपनीच्या मापापेक्षा लहान निघाला, तर कॅमशाफ्टला आधीच कुणाचा तरी हात लागलेला असतो.

उघडं राहण्याचा काळ मोजायला क्रँकवर अंशांची तबकडी आणि लोब ज्याला उचलतो त्या टॅपेटवर डायल गेज लावतात. व्हॉल्व्ह नेमका कधी सुटला ह्याचा हिशेब प्रत्येक कंपनीचा निराळा, म्हणून टॅपेट १.२७ मिलिमीटर उचलला गेल्यापासून तितक्याच उंचीवर परत येईपर्यंतचे अंश मोजायची रीत पडली. घरच्या गाडीचा आकडा साधारण २०० च्या आसपास येतो. २४० च्या पुढे गेला, तर तो शर्यतीचा कॅमशाफ्ट समजावा: आयडलिंगला इंजिन अडखळतं, पण वरच्या आरपीएमला मोकळा श्वास घेतं.