ब्रेकर का पडतो? हिगाशी-कसाईतल्या स्वयंपाकघरात शंभर व्होल्टचा इतिहास



थंडीची संध्याकाळ आहे. हिगाशी-कसाईतल्या तुमच्या घरात एसी गरम हवा सोडतोय, मायक्रोवेव्हमध्ये आमटी गरम होतेय आणि आतल्या खोलीत कुणीतरी केस वाळवायला ड्रायर लावलाय. टप्प! सगळीकडे अंधार. आपण लगेच म्हणतो, "लाईट गेली!" जपानी शेजारीण मात्र म्हणेल, "बुरेका गा ओचिता", म्हणजे ब्रेकर पडला. फरक लक्षात घ्या. "लाईट गेली" म्हटलं की दोष वीज मंडळाचा. "ब्रेकर पडला" म्हटलं की उत्तर आपल्याच घरात शोधायचं. आज ते शोधू या, आणि त्यासाठी थोडं मागे जाऊ या.

आधी साधा हिशेब. गरम हवा सोडणारा एसी साधारण 7 अँपिअर, मायक्रोवेव्ह 15, ड्रायर 12. झाले 34. तुमचा करार 30 अँपिअरचा असेल, तर ब्रेकर पडणारच. हीच तीन यंत्रं, याच वॅटची, पुण्यातल्या घरात लावली तर 15 अँपिअरच्या आत काम भागतं. कारण तिथे 230 व्होल्ट आहेत आणि इथे 100. व्होल्ट कमी असले की तेवढ्याच कामाला अँपिअर जास्त लागतात, आणि ब्रेकर मोजतो ते अँपिअर.

मग जपानने 100 व्होल्ट का घेतले? तोक्यो देन्तो या कंपनीने 1887 मध्ये निहोनबाशी भागात लोकांना वीज द्यायला सुरुवात केली. तेव्हा जगभर एडिसनच्या पद्धतीचा बोलबाला होता आणि तिचे दिवे शंभरेक व्होल्टवर चालत. पुढे बर्लिनच्या वीज कंपनीने 1899 मध्ये 220 व्होल्टकडे जायचं ठरवलं. व्होल्ट दुप्पट केले की प्रवाह निम्मा होतो, तारा बारीक चालतात आणि तांब्याचा खर्च वाचतो. त्या बचतीतून ग्राहकांची उपकरणं बदलून देणंही कंपनीला परवडलं. युरोप हळूहळू त्या वाटेने गेला, ब्रिटन गेलं आणि ब्रिटनमागून आपणही. जपान मात्र शंभरावरच राहिला. घरोघरी एकदा दिवे आणि यंत्रं बसली की व्होल्ट बदलणं किती अवघड, हे जुनी सॉफ्टवेअर प्रणाली बदलणाऱ्या आपल्या आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

त्याच काळात आणखी एक फाटा फुटला. 1890 च्या दशकात तोक्योने जर्मनीच्या एईजी कंपनीची 50 हर्ट्झची जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची 60 हर्ट्झची. त्या खरेदीने देशाचे दोन भाग पडले ते आजही आहेत. फुजी नदी ते इतोइगावा ही त्यांची सीमा. याची किंमत 2011 मध्ये कळली. मार्चमधल्या भूकंपानंतर पूर्वेकडची वीजकेंद्रं बंद पडली. पश्चिमेकडे वीज होती, पण हर्ट्झ बदलून इकडे आणण्याची क्षमता होती फक्त 10 लाख किलोवॅट. तोक्यो परिसरात 14 मार्चपासून पाळीपाळीने वीज बंद ठेवावी लागली. महाराष्ट्रातलं लोडशेडिंग पाहिलेल्यांना ते नवं नव्हतं, जपान्यांना होतं. आता ती क्षमता 21 लाख किलोवॅट झाली आहे.

आता आपल्या भागाकडे वळू. कसाई ही मुळात समुद्राकाठची वस्ती, नोरी पिकवणाऱ्यांची. 1969 मध्ये तोझाई लाइन इथवर आली, खाडीत भराव पडले, इमारती उभ्या राहिल्या. 2000 च्या सुमारास वायटूकेच्या कामासाठी भारतीय इंजिनिअर आले आणि ओतेमाचीला थेट गाडी म्हणून इथेच स्थिरावले. पाठोपाठ कुटुंबं आली, मिक्सर आले, इडलीपात्रं आली. वीजकरार मात्र बहुतेकदा आधीच्या भाडेकरूचाच पुढे चालू राहिला.

तोक्योकडे मूळ आकार अँपिअरवर ठरतो. 10, 15, 20, 30 असं करत 60 पर्यंत. जुन्या पेटीत त्याचा रंगीत ब्रेकर दिसतो: 30 चा हिरवा, 40 चा करडा, 50 चा तपकिरी, 60 चा जांभळा. स्मार्ट मीटर असेल तर ही मर्यादा मीटरमध्येच असते. वीज जाते आणि साधारण दहा सेकंदांनी आपोआप परत येते. ओसाकाकडे घरगुती ग्राहकांना असा अँपिअर-करार नाही. तिकडून बदलून आलेल्यांचा गोंधळ होतो तो यामुळे.

तर ब्रेकर पडला की तो वर करण्याआधी पेटीकडे नीट बघा. तीन प्रकार असतात.

एक, कराराचा मुख्य ब्रेकर पडला असेल, तर एकूण भार जास्त झालाय. एकदोन यंत्रं बंद करा आणि खटका वर करा. रोजच असं होत असेल तर वीज कंपनीला फोन करून अँपिअर वाढवून घ्या. मूळ आकार वाढेल, आणि भाड्याच्या घरात आधी घरमालकाला विचारा.

दोन, लहान ब्रेकरपैकी एकच पडला असेल, तर त्या एका फेऱ्यावर भार जास्त आहे. तो सहसा 20 अँपिअरचा, म्हणजे 2000 वॅटचा. मायक्रोवेव्ह आणि राइस कुकर वेगवेगळ्या फेऱ्यांवर लावा. भारतातला 750 वॅटचा मिक्सर ट्रान्सफॉर्मरवर चालवत असाल, तर भिंतीतून तो साडेसात अँपिअर किंवा थोडे जास्तच ओढतो, हेही धरा. काहीच लावलेलं नसताना पडला, तर शॉर्टसर्किट समजा.

तीन, टेस्टचं बटण असलेला ब्रेकर पडला असेल, तर वीज कुठेतरी गळतेय. जपानीत याला रोदेन म्हणतात. हा ब्रेकर 30 मिलिअँपिअरच्या गळतीला, दहाव्या भागाच्या सेकंदात, वीज तोडतो. माणसाचा जीव वाचवायलाच तो बसवलेला असतो. सगळे लहान ब्रेकर खाली करा, हा वर करा, मग लहान एकेक करून वर करा. ज्याला हात लावताच हा पुन्हा पडेल, गळती त्याच फेऱ्यावर. तो खालीच ठेवा, बाकीचं घर चालू राहील. वॉशिंग मशीन, बाल्कनीतला सॉकेट, एसीचं बाहेरचं युनिट यांच्याकडे आधी बघा, विशेषतः पावसानंतर. वॉशिंग मशीनची हिरवी अर्थिंगची तार जोडलेली आहे ना, हेही तपासा. इथले प्लग दोन पिनांचे असल्याने ती सर्रास लोंबकळत राहते.

यापुढचं काम आपलं नाही. जपानात 1960 च्या कायद्यानुसार घरातलं वायरिंग परवानाधारकानेच करायचं असतं. घराची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीला फोन करून "रोदेन बुरेका गा ओचिमास" एवढं सांगितलं, तरी पुरेसं आहे.

आपल्या आजोबांच्या काळी फ्यूज सारखा उडायला लागला की कुणीतरी त्यात जाड तार बांधायचं. फ्यूज उडायचा थांबायचा, आणि भिंतीतली वायर तापायची. 1924 मध्ये जर्मनीतल्या मानहाइमला हुगो श्टोट्झच्या कारखान्यात आजच्यासारखा छोटा ब्रेकर तयार झाला. जास्त भाराने तापून वाकणारी पट्टी आणि शॉर्टसर्किट झालं की खेचणारं चुंबक, दोन्ही एकाच डबीत. तार बांधायची गरजच उरली नाही. पण पडलेला ब्रेकर न बघता पुन्हा पुन्हा वर ढकलणं, खटक्याला चिकटपट्टी लावणं, हे त्या जाड तारेचंच नवं रूप.

म्हणून या रविवारी एक काम करा. पेटीचं झाकण उघडा, प्रत्येक लहान ब्रेकर कुठल्या खोलीचा ते मराठीत लिहून चिकटवा आणि मुलांनाही दाखवा. आईबाबा कामावर असताना अंधार झाला, तर कुठला खटका पडलाय हे त्यांना सांगता यायला हवं.