प्रवेशाची जागा आणि मालमत्तेची व्याख्या : अमेरिकेतील प्रवेश-खटल्यांविषयी एक टिपण

बॉस्टन येथे १२ मार्च २०१९ रोजी अमेरिकेच्या संघीय सरकारी वकिलांनी ५० व्यक्तींवर फौजदारी आरोप ठेवल्याचे जाहीर केले. त्यांपैकी ३३ जण विद्यापीठांत प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे पालक होते. त्यांत उद्योगपती होते, अर्थसंस्थांचे चालक होते, वकिलांच्या एका मोठ्या पेढीचे सहाध्यक्ष होते, आणि दोन नामवंत अभिनेत्रीही होत्या. या प्रकरणाविषयी तेव्हा विपुल लिहिले गेले. परंतु त्यातील बरेचसे लेखन शिक्षा सौम्य की कठोर, याच प्रश्नाभोवती घुटमळत राहिले. इतिहासाच्या अभ्यासकाला त्याआधीचा एक प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटावयास हवा. या पालकांनी नेमके कोणाचे काय हिरावून घेतले? चार वर्षांच्या न्यायालयीन ऊहापोहानंतरही अमेरिकन कायद्याला याचे निःसंदिग्ध उत्तर देता आले नाही, आणि शिक्षांचे स्वरूप पुष्कळ अंशी या निरुत्तरतेतूनच ठरले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कटाचा सूत्रधार विल्यम सिंगर हा कॅलिफोर्नियातील प्रवेश-सल्लागार. २०११ पासून पुढील आठ वर्षांत त्याच्याकडे सुमारे अडीच कोटी डॉलर जमा झाले. त्याच्या पद्धती दोन होत्या. एक म्हणजे मुलाला अध्ययनात अडचण आहे असे दाखवून परीक्षेस जादा वेळ मिळवावयाचा, परीक्षा ह्यूस्टन किंवा वेस्ट हॉलिवूड येथील हाताशी धरलेल्या केंद्रावर द्यावयाची आणि तेथे भाडोत्री माणसाकडून उत्तरे दुरुस्त करून घ्यावयाची. दुसरी, विद्यापीठाच्या क्रीडा-प्रशिक्षकाला पैसे चारून, तो खेळ कधीही न खेळलेल्या मुलाची खेळाडू म्हणून शिफारस करवून घ्यावयाची. दोन बहिणींना तर घरातल्या व्यायामाच्या वल्हवण्याच्या यंत्रावर बसवून छायाचित्रे घेण्यात आली, आणि तेवढ्यावर त्या नौका-शर्यतीतील खेळाडू ठरल्या. पालकांचा पैसा बहुधा सिंगरच्या धर्मादाय संस्थेला दिलेली देणगी म्हणून नोंदला जाई.

पुढचे दार गुणवत्तेचे, मागचे दार मोठ्या देणगीचे, आणि आपले बाजूचे दार मात्र प्रवेशाची हमी देणारे, असे सिंगर म्हणत असे. या रूपकात धूर्तता आहे, तितकेच ऐतिहासिक तथ्यही आहे. मागचे दार त्याने बांधलेले नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर हार्वर्ड विद्यापीठात ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण वाढू लागले, तेव्हा अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी १९२२ मध्ये ते मर्यादित करण्याचा विचार पुढे आणला. उघड कोट्याला विरोध झाला. मग १९२६ पर्यंत अशी पद्धती आली की तीत परीक्षेच्या गुणांबरोबर 'चारित्र्य' आणि व्यक्तिमत्त्व यांना वजन होते, आणि अंतिम निर्णय प्रवेश-अधिकाऱ्यांच्या विवेकावर सोपविलेला होता. माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदारांची मुले, खेळाडू यांना मिळणारे झुकते माप याच विवेकाच्या आश्रयाने टिकले. जेरोम काराबेल यांनी २००५ मधील आपल्या ग्रंथात हा इतिहास साधार मांडला आहे. सिंगरने या विवेकाधिकाराची फक्त किरकोळ विक्री सुरू केली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता कायद्याकडे वळू. टपालाद्वारे होणाऱ्या फसवणुकीचा अमेरिकन कायदा १८७२ चा. त्याखाली पैसा किंवा मालमत्ता यांचेच संरक्षण होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. त्यावर उपाय म्हणून काँग्रेसने १९८८ मध्ये 'प्रामाणिक सेवेचा हक्क' कायद्यात घातला. परंतु २०१० मध्ये न्यायालयाने त्याचा अर्थ लाच आणि दलाली यांपुरता संकुचित केला. तेव्हा सरकारी वकिलांना दोनच वाटा उरल्या. प्रवेशाची जागा ही विद्यापीठाची मालमत्ता आहे असे तरी दाखवावयाचे, किंवा नोकराने लाच घेऊन मालकाचा विश्वासघात केला असे तरी. ज्या उमेदवाराची जागा गेली, त्याला या मांडणीत कोठेच स्थान नव्हते.

याचा परिणाम शिक्षेच्या वेळी प्रकट झाला. आर्थिक गुन्ह्यांत शिक्षेचे माप नुकसानीच्या रकमेवरून ठरते. आणि विद्यापीठांचे मोजता येण्याजोगे नुकसान झालेले नाही, असा निष्कर्ष न्यायाधीश इंदिरा तलवानी यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये काढला. मुलीच्या परीक्षेसाठी १५,००० डॉलर देणाऱ्या फेलिसिटी हफमन यांस १४ दिवसांचा तुरुंगवास व ३०,००० डॉलर दंड झाला. पाच लाख डॉलर देणाऱ्या लोरी लॉफ्लिन यांस दोन महिने आणि त्यांच्या पतीस पाच महिने मिळाले. गुन्हा कबूल करणाऱ्या पालकांना झालेली सर्वांत दीर्घ शिक्षा नऊ महिन्यांची होती.

हफमन यांच्या शिक्षेच्या वेळी सरकारी वकिलांनी एका जुन्या खटल्याचा दाखला दिला. ओहायओ राज्यातील अ‍ॅक्रन येथील एका कृष्णवर्णीय मातेने दोन मुलींना शेजारच्या चांगल्या शाळेत घालण्यासाठी आपल्या वडिलांचा पत्ता लावला होता. २०११ मध्ये तिला खोट्या नोंदींबद्दल दोषी ठरविण्यात आले आणि तिने नऊ दिवस कारागृहात काढले. लक्षणीय गोष्ट अशी की तिच्यावर चोरीचाही आरोप होता. शिक्षणाची किंमत सुमारे ३०,००० डॉलर लावण्यात आली होती. त्या आरोपावर ज्यूरीचे एकमत झाले नाही. पण शाळेच्या बाकाला बाजारभाव लावताना तेथील फिर्यादी पक्ष अडखळला नव्हता, हे विसरता येत नाही. गव्हर्नरांनी पुढे तिचे गुन्हे सौम्य प्रतीचे ठरविले.

सामाजिक परिणाम त्वरित झाले, पण ते सर्वांना सारखे भोवले नाहीत. लॉफ्लिन यांच्याशी असलेला संबंध दूरचित्रवाणी वाहिनीने दोन दिवसांत तोडला. २०२१ संपण्यापूर्वी त्या पुन्हा पडद्यावर होत्या. वकिली पेढीच्या सहाध्यक्षांची सनद दोन वर्षांसाठी निलंबित झाली. एका पालकाला तर खटला उभा राहण्यापूर्वीच, जानेवारी २०२१ मध्ये, मावळत्या राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. मुलांवर खटले भरले गेले नाहीत. तथापि येल, स्टॅनफर्ड आणि जॉर्जटाउन यांनी काहींना काढून टाकले. पुष्कळांना या व्यवहाराची कल्पनाही नव्हती, हे ध्यानात घेता सर्वांत टिकाऊ कलंक कोणास लागला, हे सांगणे कठीण आहे.

गुन्हा नाकबूल करून ज्यूरीसमोर उभे राहिलेले दोन पालक ऑक्टोबर २०२१ मध्ये दोषी ठरले. त्यांना अनुक्रमे १२ आणि १५ महिन्यांची शिक्षा झाली. १० मे २०२३ रोजी अपील न्यायालयाने या निर्णयाचा बहुतेक भाग रद्द केला. पैसा विद्यापीठाच्याच खात्यात गेला असेल, तर ज्याची फसवणूक झाली म्हणता त्यालाच लाच दिली असे म्हणता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. प्रवेशाच्या जागा ही विद्यापीठांची मालमत्ताच होय, असे ज्यूरीला सरसकट सांगणेही चूक ठरले. जागा कधीच मालमत्ता नसते असेही न्यायालयाने म्हटले नाही. आरोपींच्या वर्तनाची भलावण तर मुळीच केली नाही. प्रश्न मोकळाच ठेवला गेला.

सिंगरला जानेवारी २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. त्याने भरपाई म्हणून द्यावयाचे एक कोटीहून अधिक डॉलर प्राप्तिकर खात्याला द्यावयाचे होते, कोणत्याही विद्यापीठाला नव्हे. आणि अपिलात गेलेल्या त्या दोघांपैकी एकाची फक्त एकच दोषसिद्धी कायम राहिली : प्राप्तिकराच्या विवरणपत्रात त्या पैशाची धर्मादाय देणगी व धंद्याचा खर्च म्हणून वजावट दाखविल्याची.