संगणक ते ‘डॅक’ : जोडणी कोणती निवडावी?

संगणकात साठविलेले संगीत अंकांच्या रूपात असते. या अंकांचे विद्युत लहरींत रूपांतर करणाऱ्या उपकरणास डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर, संक्षेपाने ‘डॅक’ असे म्हणतात. संगणकात आवाजाची सोय असली की त्यात डॅकही असतोच. तथापि, संगणकाच्या पेटीतील विद्युत गोंगाटापासून तो दूर असावा म्हणून अनेक रसिक स्वतंत्र डॅक घेतात. मग प्रश्न उरतो तो या दोहोंना जोडणाऱ्या तारेचा: यूएसबी, कोॲक्सियल की ऑप्टिकल? जळगाव-धुळ्याच्या श्रोत्यांसाठी त्याचे उत्तर दुकानातील किमतीइतकेच घरातील अर्थिंगवरही अवलंबून आहे.

प्रथम गरज किती, ते पाहू. सीडीवरील संगीतात प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि त्यासाठी सेकंदाला सुमारे १४ लाख बिट्स पाठवावे लागतात. हे काम तिन्ही जोडण्या सहज करतात. बालगंधर्वांचे बालपणीचे काही संगीतशिक्षण जळगावात झाले. त्यांच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे संगणकीय रूप ऐकायचे असेल, तर वेगाची चिंता नकोच. १९२५ पूर्वी तबकड्यांचे ध्वनिमुद्रण कर्ण्यातून, विजेविना होत असे. त्या तबकड्यांतील स्वरांचा आवाका सीडीच्या क्षमतेपेक्षा पुष्कळच कमी आहे.

यूएसबी सर्वांत सोयीची, कारण ती प्रत्येक संगणकावर असते. जुन्या पद्धतीच्या यूएसबी डॅकची मर्यादा साधारण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ इतकी. त्यापुढील नमुनादरांसाठी २००६ चा दुसरा मानक आला. विंडोजमध्ये त्यास अंगभूत आधार २०१७ मध्ये मिळाला. तोपर्यंत निर्मात्याचा ड्रायव्हर बसवावा लागे. ‘असिंक्रोनस’ प्रकारच्या डॅकमध्ये नमुन्यांचा ताल डॅकचे स्वतःचे घड्याळ ठरविते, संगणकाचे नव्हे. खरेदी करताना हा शब्द जरूर पाहावा.

कोॲक्सियल व ऑप्टिकल या जोडण्या सोनी व फिलिप्स यांनी ठरविलेल्या एकाच पद्धतीच्या भाषेत बोलतात. पहिलीत ७५ ओहमची तांब्याची तार असते, दुसरीत प्लॅस्टिकच्या तंतूतून लाल प्रकाश जातो. ऑप्टिकल जोडणी तोशिबाने १९८३ मध्ये आणली. तिचा भरवसा ९६ किलोहर्ट्झपर्यंत धरावा, आणि तार कोपऱ्यात मुडपू नये. दोन्हींत ताल येणाऱ्या संकेतातूनच शोधावा लागतो. चांगले डॅक हे काम नीट करतात. नव्या लॅपटॉपवर मात्र ऑप्टिकल छिद्र क्वचितच आढळते. ॲपलनेही मॅकबुक प्रोमधून ते २०१६ मध्ये काढले.

आता अर्थिंगकडे. संगणकाच्या वीजपुरवठा पेटीतून अत्यल्प प्रवाह धातूच्या सांगाड्यावर येतो. अर्थिंग चांगले असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर यूएसबी किंवा कोॲक्सियलच्या तांब्यातून डॅक व ॲम्प्लिफायरमध्ये शिरतो आणि स्पीकरमधून बारीक घूं-घूं ऐकू येते. तापीकाठची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. पारा ४५ अंशांच्या घरात गेला की अर्थिंगच्या खड्ड्यातील ओल आटते आणि मातीचा विद्युतरोध वाढतो. त्यामुळे पावसाळ्यात निमूट असलेली यंत्रणा मे महिन्यात कुरकुरू शकते. दोष तारेचा समजून महागडी तार आणणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे. त्यापेक्षा पाणी खड्ड्यात घालावे! खड्डा बुजला असेल तर वीजतंत्रीस दाखवावा.

परीक्षा सोपी आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवावा. घूं-घूं थांबली तर वाट चार्जरची आहे. अशा वेळी काही जण प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात. आवाज थांबेलही, पण सांगाड्यात वीज उतरल्यास जिवावर बेतेल. तसे कदापि करू नये. संगणकावर ऑप्टिकल छिद्र असल्यास तेच वापरावे. प्रकाशाच्या तंतूतून वीज वाहत नाही. ते नसल्यास मध्ये यूएसबी आयसोलेटर बसविता येतो. स्वस्त आयसोलेटर मात्र सेकंदाला १२ मेगाबिटपर्यंतच चालतात, म्हणून त्यांच्यासोबत डॅक ९६ किलोहर्ट्झ वा त्याखालीच ठेवावा. सीडीच्या दर्जाच्या संगीताला तेवढे भरपूर होते.