वऱ्हाडी गुरांची वाढ : दोष रक्ताचा की गव्हाणीचा?



"गावरान गोऱ्हा काही वाढत नाही, त्याला खाऊ घालून फायदा काय?" असं पुष्कळ जण म्हणतात. आपल्या अमरावती-अकोल्याकडच्या गुरांचा इतिहास पाहिला, तर हे म्हणणं खरं ठरत नाही.

आगगाडी येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत जात असे. जुन्या सरकारी नोंदींत वऱ्हाडी गुरांचे दोन प्रकार दिले आहेत : लहान चणीचा उमरडा आणि थोराड खामगाव. शेजारच्या वर्धा-नागपूर भागात गवळ्यांनी गवळाऊ जात जोपासली. रंगाने पांढरी, अंगाने उंच, चालीला चपळ. शंकरपटात आजही या बैलांना मान आहे. पूर्ण वाढलेला गवळाऊ बैल ४०० किलोच्या आसपास भरतो. म्हणजे वाढीची ताकद रक्तात आहेच.

मग गुरं खुजी का झाली? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात वऱ्हाडात आगगाडी पोचली. कुरणं आणि पडीत जमिनी कापसाखाली जाऊ लागल्या. १८९९-१९०० च्या दुष्काळात चारा-पाण्यावाचून गुरं मेली. १९६४ नंतर संकरित ज्वारी आली. कणसं भरली, पण ताटं बुटकी झाली आणि कडबा घटला. पुढे सोयाबीनने ज्वारीची जागाच घेतली. सोयाबीनच्या कुटाराला कडब्याची सर येत नाही. अशी एकेक करून गव्हाण रिकामी झाली.

आता दुसरीकडे पाहा. आंध्रातली ओंगोल जात ठेवणीने आपल्या गवळाऊच्या जवळची. एकोणिसाव्या शतकापासून ती जनावरं जहाजाने ब्राझीलला गेली. मोठी अशी शेवटची खेप १९६२ साली गेली. नेल्लोर जिल्ह्यावरून तिथे त्यांना 'नेलोर' म्हणतात. तिथल्या लोकांनी वासरं तोलून चांगल्या वाढीचे वळू निवडले आणि कुरणं राखली. आज ब्राझीलच्या मांसाच्या जनावरांत बहुतांश याच रक्ताची आहेत. वशिंडवालं भारतीय जनावर ऊन आणि गोचीड सोसूनही वाढतं, हे तिथे सिद्ध झालं.

आपल्या राज्यात हा धंदा नाही. १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी आहे, आणि मार्च २०१५ पासून बैल व वळूंनाही ती लागू झाली. म्हणून आपल्याकडे गोऱ्ह्याच्या वाढीचा मोबदला मांसात नाही, जुवाखाली मिळतो. नीट वाढलेला गोऱ्हा वखर-डवऱ्याला लवकर लागतो आणि बाजारात किंमत घेतो. उपाशी ठेवलेला मात्र जन्मभर अंगावर पडतो.

तेव्हा एवढं करा :

१. वासरू जन्मल्यावर तासाभरात चीक पाजा.

२. पहिले काही आठवडे वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं दूध द्या. २० किलोच्या वासराला २ लिटर. सगळं दूध डेअरीला घालू नका.

३. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचं औषध वेळेवर पाजा.

४. थोड्या रानात तरी उंच वाढणारी ज्वारी पेरा. कडबा कुट्टी करून घाला, जोडीला मूठभर सरकी ढेप द्या.

५. महिन्याला वाढ मोजा. छातीचा घेर आणि खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे अंदाजे किलो. घेर ६० आणि लांबी ५० असेल, तर वजन सुमारे २७३ किलो.

हे आकडे वहीत लिहून ठेवा. गाय भरवताना जातिवंत गवळाऊ वळूची रेतमात्रा मिळेल का, याची चौकशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करा.