शापोऱ्याच्या दोन तीरांचा हिशेब

गोव्यात एक मत इतके रुळले आहे की ते मत आहे हेच लोक विसरले आहेत. बार्देश-सासष्टीतला ख्रिस्ती समाज शिकला, बोटीवर गेला, आफ्रिका-आखात पालथे घातले, टुमदार घरे बांधली. पेडणे, डिचोली, सत्तरीतला हिंदू मात्र जत्रा, दशावतार आणि मराठी यांत रमला, म्हणून मागे राहिला. पणजीत हे हसत सांगितले जाते, मडगावात गंभीरपणे; आणि पेडण्यातही मान डोलावणारे भेटतात, हे जास्त खटकते. याच मताची एक उलटी प्रत आमच्याकडे चालते: पोर्तुगिजांनी ख्रिस्त्यांना सगळे दिले, हिंदूंना काहीच नाही, म्हणून ते सुखवस्तू आणि आम्ही दरिद्री. ही दोन मते एकमेकांवर धावून जातात, पण दोहोंचे मूळ गृहीत एकच आहे. माणसाचा समाज कळला की त्याची सांपत्तिक स्थिती कळते आणि तिचे कारणही कळते, असे दोघेही मानतात. खंडन करायचे ते या गृहीताचे.

आधी पूर्वपक्ष पुरता मांडू. तो अगदीच निराधार नाही. तिसवाडी १५१० मध्ये आणि बार्देश-सासष्टी १५४३ मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली. पेडणे आले १७८८ मध्ये, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. म्हणजे शापोरा नदीच्या दक्षिण तीरावर पोर्तुगीज अंमल सुरू झाला त्यानंतर २४५ वर्षांनी तो उत्तर तीरावर आला. आधी घेतलेल्या या मुलखात, म्हणजे जुन्या काबिजादीत, इन्क्विझिशन होते, धर्मांतर होते, आणि त्याबरोबर चर्चची शाळा, पोर्तुगीज भाषा, सरकारी नोकरीची वाटही होती. पेडण्यासारख्या नंतर घेतलेल्या मुलखातल्या, म्हणजे नव्या काबिजादीतल्या, लोकांना धर्म आणि चालीरीती राखण्याची हमी मिळाली. सत्तेत वाटा मात्र मिळाला नाही. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, तेव्हा कुठे हिंदूंना कायद्याने बरोबरीचे स्थान लाभले. एवढे सगळे खरे आहे. प्रश्न असा की यातून ‘समाज’ हे कारण निघते काय?

न्यायशास्त्रात हेतू सिद्ध व्हायचा तर व्याप्ती दाखवावी लागते. जिथे जिथे हेतू, तिथे तिथे साध्य. हिंदूपण हे दारिद्र्याचे कारण असेल तर हिंदू असून श्रीमंत हा अपवादालाही सापडू नये. गोव्याच्या इतिहासात असे अपवाद किती म्हणून मोजायचे? इन्क्विझिशनच्या ऐन काळात, खुद्द जुन्या गोव्यात, सरकारी महसुलाचे मक्ते बहुतांशी हिंदू सावकार-व्यापाऱ्यांच्या हातात होते. पणजीच्या म्हामाय कामतांच्या दप्तरातून त्या व्यवहाराचा पसारा अभ्यासकांना आजही दिसतो. पुढे विसाव्या शतकात खाणी निघाल्या तेव्हा चौगुले, धेंपो, साळगांवकर, बांदेकर, तिंबलो ही नावे वर आली. आणि लांब कशाला जावे, पेडण्यातच पाहा. देशप्रभूंचा वाडा पेडणे शहरात उभा आहे; त्या घराण्याला पोर्तुगीज राजाकडून ‘पेडण्याचे व्हिस्कोंद’ हा किताब होता. ज्या राजवटीने ‘हिंदूंना काहीच दिले नाही’ म्हणतात, तिनेच हे दिले. फक्त ते पेडण्याच्या हिंदूंना न देता पेडण्याच्या एका हिंदू घराला दिले.

आता दुसरी बाजू. ख्रिस्तीपण हे समृद्धीचे कारण असेल तर तेरेखोलचे काय करायचे? तेरेखोल नदीपलीकडे गोव्याचा तो एक चिमुकला तुकडा. किल्ला १७४६ मध्येच पोर्तुगिजांनी घेतला होता, म्हणजे उरलेल्या पेडण्याच्या चाळीसेक वर्षे आधी. गावातले बहुतेक लोक ख्रिस्ती. धर्म तोच, चर्च किल्ल्यातच, आणि तरी लोक पिढ्यान्पिढ्या भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जमिनीवरची कुळे. अलीकडे तिथे गोल्फच्या मैदानाचा प्रकल्प आला तेव्हा आपण कूळ आहोत की नाही हे सिद्ध करण्यासाठी त्यांना झगडावे लागले. सासष्टीतल्या ख्रिस्ती कुणब्यांची, किनाऱ्यावरच्या रांपणकार मासेमारांची गोष्ट यापेक्षा फार वेगळी नाही. लोटलीच्या बामण भाटकाराचा बंगला आणि त्याच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराची झोपडी एकाच चर्चच्या हद्दीत होती. ख्रिस्ती समाजात बामण, चाड्डे, सुदीर हे जातिभेद टिकले, ही गोष्ट त्या समाजाची सरासरी सांगणारे बहुधा सांगत नाहीत.

सरासरी या प्रकारावर थोडे थांबले पाहिजे, कारण हा रोग फक्त गोव्याचा नाही. अमेरिकेत सर्ब वंशाच्या लोकांची मिळकत आणि ‘गोऱ्यां’ची मिळकत शेजारी ठेवून तुलना केलेली दिसते. आता जनगणनेत सर्ब हे गोऱ्यांच्याच रकान्यात मोजले जातात. त्यांची वेगळी मोजदाद होते ती पूर्वज कुठले, या निराळ्या प्रश्नाच्या उत्तरांवरून. तेव्हा ही तुलना भागाची पूर्णाशी झाली. शिवाय तो भागही एकजिनसी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मुलखातून आलेले सर्ब शेतकरी पेनसिल्व्हेनिया, ओहायोच्या पोलाद कारखान्यांत आणि खाणींत राबले. मिहायलो पुपिन १८७४ मध्ये खिशात जवळजवळ काही नसताना उतरला आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर निर्वासित आले, १९९० च्या दशकात युगोस्लाव्हिया फुटल्यावर पुन्हा निर्वासित आले आणि त्यांच्या जोडीने इंजिनिअरही. या सगळ्यांची बेरीज करून निघणारा आकडा सर्बांच्या रक्ताविषयी काय सांगणार? कोणत्या वर्षी कोणाला दार उघडे होते, एवढेच तो सांगतो.

दार कोणाला उघडे होते, हाच प्रश्न शापोऱ्याच्या दोन तीरांना विचारावा. दक्षिण तीरावरच्या शिवोलीतला तारवटी (बोटीवरचा नोकरदार) आणि उत्तर तीरावरच्या चोपड्यातला शेतकरी यांच्यात अंतर पडले ते कशाने? चर्चच्या शाळेत प्रार्थनेसाठी स्वरलिपी वाचायला शिकवत. ही विद्या पुढे मुंबईत बँडमध्ये, बोटीवर, सिनेमाच्या वाद्यवृंदात विकता आली. शिकवणाऱ्याच्या मनात हे बिलकूल नव्हते. मुलांनी लॅटिन स्तोत्रे नीट गावीत एवढाच त्याचा हेतू. पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या आगबोट कंपन्यांना स्वयंपाकघरात आणि भोजनगृहात अशी माणसे हवी होती, जी गोमांस, डुकराचे मांस, दारू यांना हात लावताना कुरकुरणार नाहीत. गोव्याचा ख्रिस्ती तरुण त्या गरजेत नेमका बसला. एकदा शंभर माणसे गेली की एकशे एकाव्याला वाट सोपी होते. धोबीतलावच्या परिसरात गावागावाच्या कुडी निघाल्या; बोट मिळेपर्यंत थोडक्या पैशात राहायची सोय, आजाऱ्याला आधार, नोकरीची खबर. हे जाळे मोलाचे होते, त्यात शंका नाही, आणि ज्यांनी ते विणले त्यांचे कर्तृत्वही नाकारायचे कारण नाही. पण ते जाळे जमले ते मालकांच्या गरजेभोवती. उद्या त्या कंपन्यांना शाकाहारी आचारी हवे असते, तर आज आपण कोणत्या समाजाला उद्यमशील म्हटले असते?

पेडण्याचा माणूस घरी बसला होता, हेही खोटेच. तो मुंबईला जात होता, सावंतवाडीवरून किंवा वेंगुर्ल्याच्या आगबोटीने. गिरणी, दुकान, घरकाम, मिळेल ते. फरक इतकाच की गिरणीच्या पगारातून गावी कौलारू घर उभे राहते, आणि परदेशी चलनातून मजला. गोव्यातल्या कलावंत घराण्यांतल्या गायिकाही मुंबईला गेल्या. केसरबाई केरकर फोंड्यातल्या केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर सांग्यातल्या कुर्डीच्या. नव्या काबिजादीच्या या मुली हिंदुस्थानी संगीताच्या शिखरावर पोचल्या. देवळाच्या आसऱ्याने वाढलेली ही विद्या चर्चच्या स्वरलिपीपेक्षा उणी होती असे कोण म्हणेल? बाजारात मात्र एका विद्येला पगार होता आणि दुसरीला आधी कलंक धुऊन काढावा लागला.

सर्वांत मोठे कारण मात्र जमिनीचे, आणि तेच या वादात सर्वांत कमी बोलले जाते. जुन्या काबिजादीत गांवकारी, म्हणजे गावाच्या जमिनीची सामाईक मालकी, मजबूत होती. गांवकाराला वर्षाकाठी झोण (उत्पन्नातला वाटा) मिळे, मग ती थोडी का असेना. (गांवकार नसलेल्याला तिथेही काही नव्हते, हे लगेच जोडले पाहिजे.) पेडणे-सत्तरीकडे इनाम आणि मोकासे यांचा पगडा जबर. सत्तरीतल्या राणे घराण्याची बंडे १८५२ मध्ये झाली, १८९५ मध्ये झाली. त्यांत स्वाभिमान होता तसा वतनाचा आणि साऱ्याचा प्रश्नही होता. त्या वतनाखाली कसणाऱ्या कुळाचा प्रश्न कोणत्याच बंडाच्या अजेंड्यावर नव्हता. डिचोली तालुक्यातल्या मये गावात तर पोर्तुगीज काळातला काउंट गोवा सोडून गेला, जमीन निर्वासित मालमत्ता ठरली, आणि पिढ्यान्पिढ्या त्याच घरांत राहणाऱ्या लोकांना आपल्या घरावर मालकी सांगण्यासाठी २०१४ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. ज्याच्या पायाखालची जमीन त्याची नाही, त्याने माड लावायचा कोणासाठी आणि मुलाला शिकवायचे कशावर? ही अडचण हिंदू मुंडकाराला होती, ख्रिस्ती मुंडकारालाही होती. पेडण्यात असे मुंडकार जास्त होते, इतकेच.

वाहतुकीच्या वाटा हे दुसरे कारण. १८७८ च्या अँग्लो-पोर्तुगीज करारानंतर मुरगावहून कॅसलरॉकला रेल्वे गेली. ती सासष्टीतून गेली, सांग्यातून गेली. पेडण्याला रेल्वे पाहायला विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले, कोकण रेल्वेपर्यंत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जायचे तर मधे नदी, नदीवर फेरीबोट. पेडण्याचा स्वाभाविक व्यवहार उत्तरेकडे बांदा-सावंतवाडीशी, सोयरीकही तिकडेच. १९५५ च्या गोवा मुक्ती सत्याग्रहानंतर भारताने आर्थिक नाकेबंदी केली आणि सरहद्द आवळली, तेव्हा हा व्यवहारच तुटला. पत्रादेवीला हुतात्म्यांचे स्मारक आहे, ते असायलाच हवे. त्या सरहद्दीलगतच्या गावांचा बाजार सहा वर्षे बंद पडला, त्याची नोंद मात्र कुठे नाही. याच काळात मुरगाव बंदर आणि खाणी यांच्या जोरावर उरलेल्या गोव्यात आयात मालाची चैन चालली होती.

आता मराठीवरचा आरोप. मराठीला चिकटल्यामुळे पेडणे मागे राहिले, असे म्हणणाऱ्यांनी १९६१ च्या गोवा मुक्तीनंतरचा काळ पाहावा. तेव्हा गोवा, दमण, दीवमधली साक्षरता ३१ टक्क्यांच्या आसपास होती. दयानंद बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. २०११ च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ८८ टक्क्यांवर गेलेली दिसते, आणि तिची पहिली मोठी चाल याच शाळांतून सुरू झाली. धर्म बदलला नव्हता, भाषा बदलली नव्हती, जत्रा आणि दशावतारही बंद पडले नव्हते. कथित कारण जागच्या जागी असताना कार्य नाहीसे झाले, तर ते कारण नव्हते. शाळा नव्हती, ती आली, इतकी साधी गोष्ट आहे. तसेच जमिनीचे. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा, आणि १९७६ ची दुरुस्ती, जिच्यामुळे कूळ हे जमिनीचे मालक मानले गेले. ही दुरुस्ती शशिकला काकोडकरांच्या कारकिर्दीतली. बांदोडकर आणि काकोडकर, बाप-लेक दोघेही पेडण्यात जन्मलेले. बांदोडकर खाणमालक होते, आणि ज्या समाजातून आले त्याला वरच्या जातींनी पंगतीत घेतले नव्हते. त्यांच्या उदाहरणावरून ‘पेडणे पुढारलेले’ असा सिद्धान्त मी उभा करणार नाही. एका माणसाने तो उभा राहत नाही. पण ‘पेडणेकर मुळातच मागे’ हा सिद्धान्त पाडायला तेवढा एक माणूस पुरतो.

१९६७ च्या जनमत कौलात नव्या काबिजादीचा उत्तरेकडचा भाग महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाकडे झुकला, त्याचाही अर्थ मागासपणा असा लावला जातो. भाटकाराच्या कचाट्यातून सुटायचे तर मोठ्या राज्याचा कूळ कायदा बरा, असा हिशेब कुळाने केला असेल, तर त्याला अडाणीपणा म्हणायचे? त्याचा कौल चुकीचा होता असे आज वाटू शकते; अविचारी म्हणता येत नाही.

हा वाद जुना झाला असे वाटत असतानाच त्याची नवी आवृत्ती निघाली आहे. मोपाचा विमानतळ २०२२ च्या डिसेंबरात झाला. मोरजी, हरमल, मांद्रेच्या किनाऱ्यावर रशियन आणि इतर गोरे पाहुणे कधीचेच आले होते. आता डोंगरपठारावरच्या जमिनींचे भावही आकाशाला भिडले. तेव्हा लोक म्हणू लागले आहेत, ‘पेडणेकर जागा झाला.’ कालपर्यंत झोपेचे खापर ज्या समाजावर फोडले, त्यालाच आज जागेपणाचे श्रेय, तर्कदोष तोच. पेडणे तालुक्याची लोकसंख्या २०११ मध्ये ७५,७४७ होती. त्यात किनाऱ्यावर खोल्या भाड्याने देणारा आहे, विमानतळासाठी कसती जमीन गेलेला चांदेल-वारखंडकडचा शेतकरी आहे, आणि ज्याच्यासाठी गोव्यातली एकमेव अनुसूचित जातींची राखीव विधानसभा जागा पेडण्यात ठेवावी लागली, तोही आहे. पुढच्या गणनेत या तिघांची सरासरी निघेल आणि कोणीतरी ती शिवोलीच्या सरासरीशेजारी ठेवून दोन समाजांविषयी लेख लिहील. त्याने लिहिण्यापूर्वी मामलेदार कचेरीत जाऊन मुंडकार नोंदणीची किती प्रकरणे अजून पडून आहेत, आणि त्यांत अर्जदारांची आडनावे काय आहेत, एवढे पाहून यावे. दोन्ही धर्मांची सापडतील.