पैसा, टपाल आणि जोखीम

इंग्रजी अमदानींतील कलदार रुपया वजनानें एक तोळा भरे, आणि ऐंशी तोळ्यांचा एक शेर होई. म्हणजे हजार रुपये परगांवीं धाडावयाचे तर साडेबारा शेरांचें, आणि तेंहि खणखणणारें, ओझें कोणाच्या तरी खांद्यावर देणें आलें. बीड जिल्ह्यासारख्या मुलखांत ही गोष्ट सोपी नव्हती. उत्तरेस गोदावरीचें खोरें, मध्यें बालाघाटाचे डोंगर, आणि खुद्द बीड शहरास तर २०२५ सालापर्यंत आगगाडी नव्हती. अशा वाटांनीं पैसा सुखरूप कसा पोंचावा, या प्रश्नास दोन उत्तरें मिळालीं. पैसा लपवून न्यावा, हें पहिलें. त्याचें मोल उघड नोंदवून जबाबदारी कोणावर तरी लेखी घालावी, हें दुसरें. पैशाच्या प्रवासाचा इतिहास म्हणजे या दोन उत्तरांमधील झगडा होय.

लपविण्याच्या जागा सर्वांच्या परिचयाच्या होत्या. कंबरेचा कसा, धान्याचें पोतें, अंथरुणाची वळकटी! परंतु घरधन्यास जी जागा सुचे ती वाटमाऱ्यासहि ठाऊक असे. आणि पैसा गेल्यावर तो मुळांत होता, याचा पुरावा मात्र कोणापाशींहि नसे. व्यापारी लोकांनीं हें फार पूर्वीं ओळखलें, आणि रोकड न हलवितां पैसा हलविण्याची युक्ति काढली. ती म्हणजे हुंडी. दर्शनी हुंडी दाखवितांच पैसे मिळत. मुदती हुंडीचे ठराविक दिवसांनीं. कागद वाटेंत गहाळ झाला तर पैठ, आणि तीहि गहाळ झाली तर परपैठ लिहून देण्याचा रिवाज होता. शहाजोग हुंडीचे पैसे पतदार असामीच्या हातींच पडत. त्यामुळें नुसता कागद चोरून चोराचा लाभ होत नसे. जोखमी हुंडींत तर माल सुखरूप पोंचला तरच पैसे देणें लागे, म्हणजे तींत विम्याचेंच तत्त्व होतें. या सोयीबद्दल सावकार हुंडणावळ घेई. मात्र ज्याची पेढीवर ओळख नाहीं, अशा सामान्य माणसास हा मार्ग सहसा खुला नसे.

बीडकरांस आणखी एक अडचण होती. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. संस्थानाचें टपालखातें वेगळें. त्याचीं तिकिटें १८६९ सालीं सुरू झालीं. नाणेंहि वेगळें, हाली सिक्का या नांवाचें. पुढें रूढ झालेल्या दरानें शंभर कलदार रुपयांस एकशें सोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली मोजावे लागत. म्हणजे सातशें हालीचे सहाशें कलदार होत. ज्याचें घर नगरकडे ब्रिटिश हद्दींत आणि चाकरी बीड किंवा मोमिनाबाद, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, त्याला घरखर्च पाठवितांना वाटेच्या जोखमीसह बट्ट्याचाहि हिशेब करावा लागे.

टपालाची थैली ही चोरांना नेहमींच मोहांत पाडणारी वस्तु. हातांत घुंगुर लावलेला भाला घेऊन हरकारा रानावनांतून धांवे, तो हौसेखातर नव्हे. पण धोका वाटेवरच होता असें नाहीं. पाकिटांतील नाणें बोटांस लागतें, आणि नोट उजेडापुढें धरली कीं ओळखूं येते. असें पाकीट अनेक हातांतून जावयाचें असे. १८६१ च्या कायद्यानंतर ब्रिटिश हिंदुस्थानांत सरकारी नोटा चालूं लागल्या, तेव्हां लोकांनीं एक तोडगा काढला. नोट मधोमध कापावयाची, एक अर्ध पहिल्या टपालानें धाडावयाचें, आणि तें पोंचल्याचें पत्र आलें म्हणजे दुसरें धाडावयाचें. नोटेवर क्रमांक दोन ठिकाणीं छापलेला असल्यामुळें दोन्ही अर्धें जुळवितां येत. एकटें अर्ध चोराला निरुपयोगी! युक्ति चतुर खरी, परंतु तींत वेळ दुप्पट जाई, आणि नुकसान झालें तर तें सोसणारा धनीच.

खरा पालट घडविला तो टपालाच्या विम्यानें व मनीऑर्डरीनें. विमा उतरवितांना मोल अंकीं व अक्षरीं पाकिटावर लिहावें लागे, लाखेचे शिक्के मारावे लागत, वजन नोंदवावें लागे. लपविण्याच्या जुन्या रीतीच्या हें अगदीं उलट होतें. १८९८ च्या टपाल कायद्यानें तर स्पष्टच केलें कीं, सरकारनें जेवढी जबाबदारी उघडपणें पत्करली असेल तेवढीच त्याच्यावर राहील. साधें पत्र हरवलें तर भरपाईचा हक्क नाहीं.

मनीऑर्डरीचें काम पूर्वीं सरकारी खजिन्यांकडे असे. १८८० सालीं तें टपालखात्याकडे आलें, आणि सावकाराच्या ओळखीवांचून कोणासहि हुंडीचा लाभ मिळूं लागला. नाणें जेथल्या तेथें राही. प्रवास करी तो फॉर्म. पोस्टमन दारीं येऊन पैसे मोजून देई. लिहितां न येणारी म्हातारी साक्षीदारासमक्ष अंगठा उठवी, आणि ती पोंच पाठविणाऱ्याकडे परत जाई. खालच्या तुकड्यावर दोन ओळींचा निरोप लिहावयास जागा असे. कित्येक घरांतून पैशाइतकीच त्याचीहि वाट पाहिली जाई.

हैदराबादचें टपालखातें १ एप्रिल १९५० रोजीं भारतीय टपालखात्यांत विलीन झालें. हाली सिक्काहि पुढें चलनांतून गेला. जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ सालीं बंद होऊन तिची जागा इलेक्ट्रॉनिक मनीऑर्डरीनें घेतली. १८९८ च्या कायद्याच्या जागीं २०२३ चा कायदा आला, आणि तो २०२४ सालीं अमलांत आला. तथापि जबाबदारीचें जुनें तत्त्व त्यानेंहि सोडलेलें नाहीं. तरीहि राखीच्या किंवा आहेराच्या पाकिटांत एखादी नोट घडी घालून सारण्याचा मोह घरोघरीं होतो. त्या घडींत कंबरेच्या कशाचीच जुनी समजूत दडलेली असते. ती नोट पोंचली तर नशीब, न पोंचली तर बोलावें कोणास? ज्या पैशाचें मोल कोठेंहि लिहिलेलें नाहीं, तो हरवल्यावर कोणापाशींहि मागतां येत नाहीं.