जाधव, अनिकेत

जाधव, अनिकेत : (13 जुलै 2000 – ). भारतीय व्यावसायिक फुटबॉलपटू. जन्म कोल्हापूर येथे. घडला आघाडीवीर म्हणून. क्लब फुटबॉलमध्ये मात्र मैदानाच्या कडेने खेळणारा, मधली फळी आणि आघाडी यांच्यामध्ये ये-जा करणारा खेळाडू म्हणून स्थिरावला. 2017च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकातील 21 जणांच्या भारतीय संघात महाराष्ट्रात वाढलेला तो एकटाच होता. दुसरे मराठी आडनाव होते नमित देशपांडे याचे. पण हा बचावपटू वाढला अमेरिकेत. प्रस्तुत नोंद अनिकेतच्या 2022पर्यंतच्या कारकिर्दीपुरती आहे.

कोल्हापुरात फुटबॉल तालमींच्या नावाने खेळला जातो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे ऐकून परगावच्या माणसाला कुस्तीचे आखाडे आठवावेत, आणि ते तसे खोटेही नाही; जिथे लाल माती आहे तिथेच फुटबॉलचा संघही आहे. हंगामात शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना लागला की शहरात त्या दिवशी दुसरा विषय नसतो. संघांकडून नायजेरियन खेळाडूसुद्धा करारावर खेळून गेले आहेत. मात्र या वेडाची झेप बहुतेक वेळा पेठेच्या अब्रूपर्यंतच जाते. स्थानिक हंगामात नाव काढलेला मुलगा पुढे तालमीचा वरिष्ठ खेळाडू होतो आणि तिथेच राहतो. अनिकेत या वातावरणातला असला तरी त्याची वाट या वाटेने गेली नाही. त्याचे वडील रिक्षाचालक. मुलाला खासगी अकादमीत घालण्याजोगी परिस्थिती नसलेल्या घराला सरकारी निवासी व्यवस्थेचाच आधार असतो. अशाच शासकीय व्यवस्थेत, पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत, तो दाखल झाला.

क्रीडा प्रबोधिनीची निवड कशी होते हे इथे सांगितले पाहिजे, कारण महाराष्ट्रातल्या अनेक खेळाडूंच्या चरित्राचे पहिले पान तेच असते. शाळकरी मुलांची उंची आणि वजन मोजतात. मग 30 मीटर धाव, 6 × 10 मीटर शटल रन, उभ्या जागेवरून लांब उडी, उभी उडी, मेडिसीन बॉल फेक, पुढे वाकून लवचिकता आणि शेवटी दम काढणारी 800 मीटर धाव. चेंडूचा संबंध यात जवळपास नाहीच. पोर किती चपळ आहे ते आधी बघायचे, खेळ नंतर शिकवायचा, असा हा हिशेब. छत्रपती संभाजीनगरलाही प्रबोधिनी आहे. त्यामुळे त्या जिल्ह्यातल्या फुलंब्रीच्या शाळेतला मुलगाही याच फूटपट्टीने मोजला जातो. फरक पडतो तो पुढे. कोल्हापूरच्या पोराच्या पायाला तोवर चेंडूची सवय झालेली असते, आणि फुलंब्रीत मैदान मोकळे असले तरी त्यावर बहुधा क्रिकेटचीच खेळपट्टी आखलेली असते.

प्रबोधिनीनंतर अनिकेत पुणे एफसीच्या अकादमीत गेला. त्या काळात पुण्यात व्यावसायिक फुटबॉलचे दिवस बरे होते: आय-लीगमध्ये पुणे एफसी, इंडियन सुपर लीगमध्ये 2014पासून एफसी पुणे सिटी. पण 2014-15च्या हंगामानंतर पुणे एफसी आय-लीगमधून बाहेर पडला आणि 2019 मध्ये पुणे सिटीही उरला नाही. अनिकेतच्या वयाच्या मराठी मुलांपुढे घरच्या राज्यात मुंबई सोडली तर मोठा क्लब राहिला नाही. त्याच्या बाबतीत राष्ट्रीय संघाने वेळेवर हात दिला. यजमान म्हणून भारताला विश्वचषकात थेट प्रवेश होता, आणि 1 जानेवारी 2000 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेलीच मुले त्यात खेळू शकत होती. जुलै 2000चा अनिकेत या चौकटीत नेमका बसला. संघ आधी निकोलाई अ‍ॅडम यांच्या आणि 2017च्या सुरुवातीपासून पोर्तुगालच्या लुई नॉर्टन डी मातोस यांच्या हाताखाली तयार झाला.

स्पर्धेआधी महाराष्ट्र शासनाने 15 सप्टेंबर 2017 रोजी राज्यभर शाळाशाळांतून फुटबॉल खेळवला. दहा लाख मुलांनी एका दिवशी चेंडूला पाय लावावा, अशी कल्पना होती. विश्वचषकाचे काही सामने नवी मुंबईत झाले, पण भारताचे तीनही सामने दिल्लीला गेले. 6 ऑक्टोबरला अमेरिकेविरुद्ध अनिकेत आघाडीला एकटाच उभा होता. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकात भारतीय संघाने खेळलेला हा पहिला सामना. भारत 0-3 हरला. 84व्या मिनिटाला भारताच्या अन्वर अलीचा फटका गोलच्या आडव्या दांडीवर आदळला आणि त्याच हल्ल्याच्या उलट्या धावेत अमेरिकेने तिसरा गोल केला. पुढे कोलंबियाकडून 1-2 आणि घानाकडून 0-4. आकडे निराश करणारे दिसतात, पण एकट्या आघाडीवीराचे काम अशा सामन्यांत मोजायचे कसे, हा प्रश्नच आहे. त्याच्यापर्यंत चेंडू येतो मोजका, आणि आला की पाठीवर दोन बचावपटू असतात.

विश्वचषकाचा संघ फुटू नये म्हणून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2013 साली बंद केलेला इंडियन अ‍ॅरोज पुन्हा उभा केला आणि त्याला आय-लीगमध्ये उतरवले. 29 नोव्हेंबर 2017 रोजी गोव्यात बांबोळीच्या मैदानावर चेन्नई सिटीविरुद्ध अ‍ॅरोजचा पहिला सामना झाला. अ‍ॅरोजने तो 3-0 असा जिंकला. त्यांतले दोन गोल अनिकेतचे, तिसरा बोरिस सिंगचा. सतराव्या वर्षी व्यावसायिक लीगच्या पहिल्याच सामन्यात दोन गोल. हंगामअखेर अ‍ॅरोज तळाला राहिला, पण हा विकासासाठी उभा केलेला संघ असल्याने त्याला खाली उतरवले जाणार नव्हते.

त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत विचित्र सामना 2018च्या ऑगस्टमधला आहे. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळ होणाऱ्या कोटिफ स्पर्धेत प्रशिक्षक फ्लॉइड पिंटो यांच्या वीस वर्षांखालील भारतीय संघाची गाठ अर्जेंटिनाशी पडली. समोरच्या बाकावर लिओनेल स्कलोनी होते, ज्यांनी चार वर्षांनी अर्जेंटिनाला विश्वचषक जिंकून दिला. चौथ्या मिनिटाला दीपक टांगरीने भारताला आघाडी दिली. 54व्या मिनिटाला पंचांनी अनिकेतला लाल कार्ड दाखवले. उरलेला सामना दहा जणांनी खेळायचा होता. 68व्या मिनिटाला अन्वर अलीच्या फ्री किकने दुसरा गोल झाला आणि अर्जेंटिनाला एकच गोल फेडता आला. भारत 2-1ने जिंकला. भारतीय युवा फुटबॉलचा हा सर्वांत गाजलेला विजय, आणि त्यातला शेवटचा अर्ध्या तासाहून मोठा भाग अनिकेतने मैदानाबाहेरून पाहिला.

2019 मध्ये तो सरावासाठी काही काळ इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये होता. हा क्लब 2010पासून पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाच्या मालकीचा आहे. त्याच वर्षी जमशेदपूर एफसीने त्याला करारबद्ध केले. 29 ऑक्टोबर 2019 रोजी जमशेदपूरने हैदराबादला 3-1 असे हरवले, त्यात अनिकेतने सुपर लीगमधला आपला पहिला गोल केला. त्या दिवशीचा पहिला गोल अंबरनाथच्या फारुख चौधरीचा होता.

इथून त्याची जागा बदलत गेली. सुपर लीगमध्ये मधला आघाडीवीर बहुधा परदेशी असतो. जमशेदपूरकडे आधी सर्जिओ कास्टेल, मग नेरियस वाल्सकिस होते. भारतीय आघाडीवीराला संघात टिकायचे तर कडेला सरकावे लागते. कडेच्या खेळाडूला गोल मारण्याइतकेच मागे धावून आपल्या बचावपटूला साथही द्यावी लागते, आणि वर्तमानपत्रात त्याचे नाव कमी छापून येते. 2021 मध्ये तो प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांच्या हैदराबाद एफसीकडे गेला. तिथे पुढे बार्थोलोम्यू ओगबेचे होता, ज्याने त्या हंगामात 18 गोल केले. हैदराबादचा हा क्लब 2019 मध्ये एफसी पुणे सिटीच्या रिकाम्या जागेवरच लीगमध्ये आला होता. पुण्यात घडलेल्या मुलाला पुण्याची जागा अशी हैदराबादेत सापडली. 20 मार्च 2022 रोजी फातोर्ड्याला अंतिम सामन्यात हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला 1-1 बरोबरीनंतर पेनल्टींवर 3-1ने हरवून विजेतेपद मिळवले. केरळचा गोल केला होता राहुल के. पी.ने, दिल्लीच्या विश्वचषकातल्या अनिकेतच्या जोडीदाराने.

त्याच महिन्यात बहारीन आणि बेलारूस यांच्याविरुद्धच्या मैत्रीपूर्ण लढतींसाठी प्रशिक्षक इगॉर स्टिमॅक यांनी निवडलेल्या वरिष्ठ भारतीय संघात तो आला. यादीत त्याचे नाव मधल्या फळीच्या खेळाडूंमध्ये होते.